ऑइलमध्ये पेट्रोल उतरत असेल तर इंजिन उघडण्याआधी काय तपासावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी वापरलेली १९९८ सालची हीरो होंडा स्प्लेंडर काही वर्षे उभी होती, ती आपण पुन्हा चालवायला काढली. ऑइल बदलून महिनाही झाला नाही तोच डिपस्टिकवरची (ऑइल मोजायच्या पट्टीवरची) पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली, ऑइल पातळ झाले आणि त्याला पेट्रोलचा उग्र वास येऊ लागला. गाडीखाली मात्र पेट्रोलचा डाग दिसत नाही. किक हलकी लागते, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि ही लक्षणे पाहून मेकॅनिकने पिस्टनभोवतीच्या रिंगा गेल्याचे सांगून बोअरिंग (सिलिंडर आतून घासून मोठा करणे) करून नवा पिस्टन टाकण्याचा खर्च सांगितला आहे. इंजिन उघडावे की नाही, असे आपण विचारले आहे.

माझे मत असे की इंजिन उघडण्याचा निर्णय आज घेऊ नये. पंचवीस वर्षांहून जुन्या गाडीच्या रिंगा झिजलेल्या असणे अगदी शक्य आहे, आणि गाडी न पाहता त्या चांगल्या आहेत असे मी म्हणणार नाही. पण रिंगा पेट्रोल आणत नाहीत. सिलिंडरमध्ये आलेले पेट्रोल त्या फार तर खाली जाऊ देतात, आणि ते काम नव्या रिंगासुद्धा करतात, कारण प्रत्येक रिंगेच्या दोन टोकांमध्ये बारीक फट ठेवलेलीच असते. चालत्या इंजिनात क्षणार्धात घडणाऱ्या स्फोटाचा दाब रोखण्यासाठी रिंगा असतात. रात्रभर साचून राहिलेले पातळ पेट्रोल अडवणे हे त्यांचे काम नाही. म्हणून खरा प्रश्न असा विचारायला हवा : पातळ, न जळलेले पेट्रोल सिलिंडरपर्यंत येतेच कसे, आणि ते गाडी उभी असताना येते की चालत असताना? या एका प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय केलेला खर्च वाया जाण्याची शक्यता मोठी असते. बोअरिंग करून आणलेल्या गाडीचे ऑइल पुन्हा पेट्रोलने भरलेले मी पाहिले आहे, आणि तेव्हा नव्या रिंगांचेच नुकसान झालेले असते.

आपल्याला सांगितलेली लक्षणे रिंगांकडे बोट दाखवतात असे वाटणे स्वाभाविक आहे; पण नीट पाहिले तर तीच लक्षणे ऑइलमध्ये पेट्रोल मिसळल्यामुळेही दिसतात. पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढते, त्यामुळे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तात्पुरते पडते आणि किक हलकी लागते. चेंबरमधील, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल राहते त्या भागातील, पातळी वाढली की पातळ झालेले ऑइल रिंगांच्या बाजूने वर चढते, काही ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) पाइपातून फिल्टरच्या डब्यात जाते, आणि दोन्ही मार्गांनी ते जळून निळा धूर येतो. म्हणजे पेट्रोल उतरणारी गाडी रिंगा गेलेल्या गाडीसारखीच वागते. मेकॅनिकचा अंदाज म्हणूनच खोटा ठरवता येत नाही आणि खराही मानता येत नाही. त्याआधी पेट्रोलची वाट शोधावी लागते.

सर्वांत आधी सुरक्षिततेचे सांगतो. या अवस्थेत गाडी सुरू करू नका, ‘जरा गरम करून ऑइल काढू’ म्हणूनही नाही. पेट्रोल मिसळलेले ऑइल बेअरिंग आणि हेडमधील कॅम-रॉकर यांच्यावर टिकणारा थर देऊ शकत नाही. शिवाय पिस्टनवर पेट्रोल साचलेले असेल आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील, तर ते दाबले जात नाही. किक मध्येच अडकते. किक अडकली की तिच्यावर उभे राहून जोर देण्याची सवय अनेकांना असते. तसे केल्यास कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. किक अडकल्यास चावी बंद करावी, प्लग काढावा, प्लगची कॅप भोकापासून दूर, टाकीच्या दुसऱ्या बाजूला बांधून ठेवावी आणि मग हाताने हळूहळू किक फिरवावी; आतले पेट्रोल प्लगच्या भोकातून बाहेर पडेल, म्हणून तोंड आणि डोळे त्या रेषेत नकोत. आपल्याकडे गाडी अनेकदा ओसरीत, जिन्याखाली किंवा बोळात उभी असते. तपासणी होईपर्यंत ती उघड्यावर ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि घरातला दिवा, उदबत्ती किंवा गॅस गिझर तिला पुरेसा असतो.

आता ऑइलमध्ये खरोखर पेट्रोल आहे का, ते पाहू. गाडी मुख्य स्टँडवर, सपाट जागी हवी; साइड स्टँडवरची डिपस्टिक खोटे सांगते. डिपस्टिक पुसून, आटे न फिरवता नुसती टेकवून वाचायची असते. आटे फिरवून वाचल्यास पातळी जास्त दिसते, आणि केवळ या कारणाने घाबरून आलेले लोकही मला भेटतात. थंड इंजिनावर पातळी किंचित जास्त दिसते, पण तो फरक बोटभर नसतो. नुसत्या वासावर विसंबू नका, कारण कोणत्याही चार-स्ट्रोक गाडीच्या वापरलेल्या ऑइलला थोडा पेट्रोलचा वास असतोच. त्यापेक्षा वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक थेंब या ऑइलचा आणि शेजारी एक थेंब त्याच ग्रेडच्या नव्या ऑइलचा टाकून अर्धा तास थांबा. पेट्रोल असेल तर त्या थेंबाभोवती फिकट, रुंद कडे पसरते आणि डाग नव्या ऑइलच्या डागापेक्षा स्पष्टपणे मोठा होतो. ऑइल दुधाळ चहासारखे दिसत असेल तर ते पाणी आहे आणि तो वेगळा विषय आहे. काही जण काडीवर ऑइल घेऊन पेटवून पाहतात; तसे कधीही करू नका.

या सर्वांपेक्षा भरवशाची चाचणी म्हणजे मोजमाप. ऑइल थंड असतानाच खाली काढा, तासभर पूर्ण निथळू द्या आणि मापाच्या भांड्यात मोजा. बाजारात या गाड्यांसाठी ९०० मिलीची बाटली मिळते आणि बहुतेक जण तीच भरतात. आपण जुने ऑइल पूर्ण काढून ९०० मिली भरले असेल आणि बाहेर १२०० मिली आले, तर तीनशे मिली पेट्रोल उतरले, यात शंका उरत नाही. उलट ९०० मिलीच निघाले तर पातळी चुकीची वाचली गेली होती. हा आकडा लिहून ठेवा, पुढे त्याचा उपयोग होईल.

पेट्रोल उतरल्याचे सिद्ध झाले, तर उभ्या गाडीत ते कसे उतरते, हे समजून घेतले पाहिजे. स्प्लेंडरचा सिलिंडर जवळजवळ आडवा, पुढच्या चाकाकडे झुकलेला असतो. कार्बोरेटर त्याच्या वर आणि मागे असतो, आणि तिथून एक वाकडा मॅनिफोल्ड (जोडनळी) उताराने खाली हेडमध्ये येतो. टाकी तर सर्वांत वर. म्हणजे पेट्रोलला टाकीपासून चेंबरपर्यंत सगळा उतारच आहे. त्या उतारावर तीन पहारेकरी उभे केलेले आहेत. पहिला टाकीखालचा पेट्रोल कॉक. दुसरी कार्बोरेटरमधील फ्लोटची (पेट्रोलवर तरंगणाऱ्या तुकड्याची) निडल, म्हणजे टोकदार पिन, जी फ्लोट चेंबर भरला की पेट्रोल थांबवते. तिसरा ओव्हरफ्लोचा पाइप. निडलने दगा दिला तरी जादा पेट्रोल मॅनिफोल्डकडे वळण्याआधी त्याने ते बाहेर जमिनीवर टाकायचे असते. चेंबरमध्ये पेट्रोल पोहोचले आहे, याचा अर्थ तिघेही एकाच वेळी निकामी झाले आहेत. पैकी कॉक तर बहुतेकांनी स्वतःच उघडा ठेवलेला असतो, कारण गाडी लावल्यावर कॉक बंद करण्याची सवय आता फारशी कोणाला राहिलेली नाही.

गाडीखाली डाग नाही, हे आपण दिलासा म्हणून लिहिले असावे. मला मात्र आपल्या प्रश्नातली हीच सर्वांत महत्त्वाची खूण वाटते. ज्या गाडीची निडल गळते पण ओव्हरफ्लो मोकळा आहे, तिच्याखाली सकाळी ओले दिसते, वास येतो, मालक लगेच दुरुस्ती करून घेतो आणि ऑइल सुरक्षित राहते. जमीन कोरडी आणि टाकी मात्र हळूहळू रिकामी होत असेल, तर पेट्रोल बाहेर पडण्याची वाट बंद आहे आणि ते आत जात आहे.

आणखी एका गोष्टीने पुष्कळांचा गोंधळ होतो : पातळी रोज वाढत नाही. चार दिवस ठीक जातात आणि पाचव्या सकाळी ऑइल एकदम वर आलेले दिसते. याचे कारण असे की इंजिन बंद होताना इनटेक व्हॉल्व्ह कोणत्या स्थितीत राहील, हे ठरलेले नसते. तो बंद राहिला तर पेट्रोल मॅनिफोल्डमध्येच अडते आणि भरून आल्यावर मागे एअर फिल्टरच्या डब्याकडे वळते. किंचित उघडा राहिला तर सरळ सिलिंडरमध्ये जाते, आडव्या सिलिंडरच्या खालच्या भिंतीवर साचते आणि रिंगांच्या फटीतून मागे चेंबरमध्ये उतरते. म्हणून फिल्टरचा डबा उघडून पाहा. फोम किंवा कागदी फिल्टर पेट्रोलने ओला असेल, किंवा डब्याच्या तळाशी ऑइल-पेट्रोल साचले असेल, तर फ्लोट चेंबर भरून वाहिल्याचा तो पुरावा आहे. आणि एखाद्या सकाळी ऑइल वाढलेले दिसले नाही, म्हणून दोष गेला असे समजू नका.

आता तपासणीचा क्रम. कॉकपासून सुरुवात करण्याचे कारण एवढेच की त्याला काहीही उघडावे लागत नाही. कॉक बंद करा, पेट्रोलचा पाइप कार्बोरेटरकडून काढा आणि त्याचे टोक पारदर्शक बाटलीत सोडा. गाडी रात्रभर उघड्यावर तशीच ठेवा. सकाळी बाटली कोरडी हवी. थेंब थेंब गळणे किरकोळ वाटते, पण हिशेब करून पाहा : साधारण वीस थेंबांचा एक मिली होतो, म्हणजे मिनिटाला पाच थेंब गळले तर तासाला पंधरा मिली आणि आठ तासांच्या रात्रीत १२० मिली. नऊशे मिली ऑइलमध्ये एका रात्रीत एवढे पेट्रोल म्हणजे ते ऑइल गेलेच. जुन्या कॉकमध्ये आतली भोके असलेली रबरी चकती कडक होते, तिच्यावर चरे पडतात आणि दांडा ‘ऑफ’वर असूनही पेट्रोल पाझरते. काही कॉकचे दोन स्क्रू काढून चकती बदलता येते, काही रिव्हेट मारून बंद केलेले असतात आणि ते पूर्ण बदलावे लागतात. मात्र कॉक बदलून थांबू नका. कॉक दुरुस्त केल्याने ऑइल वाढणे थांबेल, पण निडल गळतीच राहील, आणि ज्या दिवशी कॉक बंद करायला आपण विसराल त्या दिवशी सर्व पुन्हा घडेल.

निडलची चाचणी कार्बोरेटर गाडीवर असतानाच करता येते आणि ती डोळ्यांनी दिसते, म्हणून मला ती विशेष आवडते. फ्लोट चेंबरच्या तळाशी निचऱ्याचा एक स्क्रू आणि बारीक नळी असते. त्या नळीला हातभर पारदर्शक पाइप लावा, पाइपचे दुसरे टोक वर वळवून कार्बोरेटरच्या अंगाला टेकवून धरा, कॉक उघडा आणि तळाचा स्क्रू दोन आटे सैल करा. पाइपात पेट्रोल चढू लागेल आणि फ्लोट चेंबरच्या आत जेवढी पातळी आहे तेवढ्याच उंचीवर थांबेल. चेंबर आणि वरचा भाग जिथे गॅस्केटने जोडलेले असतात, त्या रेषेच्या थोडे खाली ते स्थिर व्हायला हवे. तिथे पेनाने खूण करा आणि अर्धा तास नजर ठेवा. पेट्रोल थांबल्यासारखे वाटून मग केसाएवढे केसाएवढे वर सरकत राहिले आणि जोडरेषा ओलांडून गेले, तर निडल धरत नाही. सुरुवातीलाच ते जोडरेषेच्या वर जाऊन थांबले, तर निडल धरते पण फ्लोट चुकीच्या उंचीवर आहे. दोन्ही दोषांचे उपाय वेगळे आहेत, म्हणून हा फरक पाहून ठेवणे उपयोगाचे ठरते.

कार्बोरेटर उघडल्यावर निडलचे टोक भिंगाखाली पाहा. टोकाच्या रबरी शंकूवर बांगडीसारखी खोलगट रेघ उमटलेली असेल तर निडल संपली. तिच्या मागच्या बाजूला स्प्रिंगवर दबणारी बारीक पिन असते, ती बोटाने दाबल्यावर मोकळी खालीवर व्हायला हवी. फ्लोट कानाजवळ धरून हलवा; आत पेट्रोल खळखळले तर त्याला चीर आहे, तो जड झाला आहे आणि कितीही नवी निडल टाकली तरी तो तिला पुरेसे वर दाबणार नाही. ज्या पितळी सीटवर निडल बसते, ती या लहान कार्बोरेटरमध्ये सहसा काढता येत नाही. कापसाच्या काडीला धातू चकचकीत करण्याचे पॉलिश लावून ती हलक्या हाताने फिरवावी आणि नंतर पेट्रोलने धुवावी. सँडपेपर किंवा तार तिथे नेऊ नये. सर्व पुन्हा बसवल्यावर कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोलच्या तोटीला स्वच्छ पाइप लावून हलके फुंका. फ्लोटच्या वजनाने निडल बसलेली असल्याने हवा जाता कामा नये. सुट्या भागांबाबत एवढेच सांगेन की स्वस्त किटमधील निडलचे रबर फार काळ टिकत नाही, त्यामुळे मूळ कंपनीचा भाग मिळत असेल तर तोच घ्यावा.

आपली गाडी काही वर्षे उभी होती, म्हणून टाकीच्या आत टॉर्चने पाहणे आवश्यक आहे. अर्धवट भरलेल्या टाकीत वरच्या कोरड्या पत्र्याला गंज धरतो आणि त्याची बारीक लाल भुकटी जाळीतूनही खाली येते. निडलच्या सीटवर असा एक कण अडकला की निडल पूर्ण बसत नाही. टाकी न धुता निडल बदलली तर आठवड्यात तक्रार परत येते आणि दोष नव्या निडलवर जातो. त्यामुळे टाकी साफ करणे, कॉकची जाळी साफ करणे आणि मग कार्बोरेटर, असा क्रम ठेवावा.

ओव्हरफ्लोकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. फ्लोट चेंबरच्या आत एक उभी पितळी नळी असते, तिचे वरचे तोंड नेहमीच्या पातळीपेक्षा थोडे वर असते आणि खालचे टोक रबरी पाइपाने इंजिनच्या मागे सोडलेले असते. पावसाळ्यात या पाइपाच्या तोंडात चिखल बसतो. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत तर कुंभारमाशी त्यात मातीचे घर करते. पाइप काढून उभा चिरला की आत सुकलेल्या मातीचा घट्ट बोळा निघतो. आपल्या गाडीत माझा पहिला संशय इथेच आहे. पाइप बदला, पितळी नळीतून हवा मारा, आणि फ्लोट चेंबर हातात घेऊन नळी बुडेपर्यंत पेट्रोल ओतून पाहा : जादा पेट्रोल खालून लगेच वाहून गेले पाहिजे आणि नळीच्या तोंडाखालची पातळी कायम राहिली पाहिजे. ती तरीही उतरत राहिली तर नळीला चीर आहे.

इथे इथेनॉलचा उल्लेख करणे योग्य होईल, कारण अनेक जण त्याविषयी विचारतात. सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि १९९८ ची गाडी त्यासाठी बनवलेली नव्हती. काही जुनी रबरे त्याने फुगतात किंवा मऊ पडतात, आणि इथेनॉल हवेतील ओलावा शोषत असल्याने उभ्या गाडीच्या टाकीत गंज वाढू शकतो. पण प्रत्येक गळतीचे खापर त्यावर फोडणे मला पटत नाही. वीस-पंचवीस वर्षांचे रबर कोणत्याही पेट्रोलमध्ये कडक झालेलेच असते. व्यवहारात याचा अर्थ एवढाच की निडल, ओ-रिंग आणि पाइप नव्या जातीच्या रबराचे घ्यावेत आणि गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून फ्लोट चेंबर रिकामा करावा.

आता दुसरी वाट, म्हणजे चालत्या गाडीत पेट्रोल उतरणे. वरील सर्व चाचण्या निर्दोष निघाल्या तर तिकडे वळावे लागते. दोन्हींतला भेद ओळखण्यासाठी नवे ऑइल भरल्यावर आठवडाभर गाडी नेहमीसारखी वापरा, पण प्रत्येक वेळी लावताना पेट्रोलचा पाइप काढून टोक बाटलीत सोडा. केवळ कॉकवर भरवसा ठेवू नका. पातळी स्थिर राहिली तर दोष उभ्या गाडीचा आहे. तरीही ती वाढली तर हवा-पेट्रोलचे मिश्रण फार घट्ट (पेट्रोल जास्त, हवा कमी) होत आहे किंवा ते पूर्ण जळत नाही. चोक अर्धवट लागलेला राहणे, एअर फिल्टर चोंदणे, जेटची भोके जुन्या तारेने साफ करताना मोठी होणे, स्पार्क कमकुवत असणे ही त्याची कारणे आहेत, आणि प्लगवर कोरडी काळी काजळी दिसते. घरापासून दुकानापर्यंत दोन किलोमीटर जाऊन परत येण्याइतकाच वापर असेल तर इंजिन पुरेसे तापत नाही आणि ऑइलमध्ये गेलेले थोडे पेट्रोल उडून जात नाही. अधूनमधून अर्धा-पाऊण तास सलग चालवल्याने ही किरकोळ भर निघून जाते. मात्र या मार्गाने पातळी हळूहळू वाढते. महिन्याच्या आत वरची खूण ओलांडण्याइतके पेट्रोल बहुधा उभ्या गाडीतच उतरते, म्हणून आपल्या बाबतीत मी पहिल्या वाटेवर अधिक भर दिला आहे.

हेच उत्तर दुसऱ्या गाडीसाठी वाचणाऱ्यांनी थोडे तारतम्य ठेवावे. ज्या स्कूटर आणि मोटरसायकलींना इंजिनच्या ओढीवर उघडणारा कॉक असतो, त्यांत कॉकचा पडदा फाटला तर पेट्रोल व्हॅक्यूमच्या पाइपातून थेट मॅनिफोल्डमध्ये येते आणि निडल पूर्ण चांगली असूनही ऑइल वाढते. तो पाइप काढून पेट्रोलने ओला आहे का, एवढे पाहिले की कळते. जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये ऑइलची टाकी इंजिनच्या खोक्यातच पण वेगळ्या कप्प्यात असते आणि गाडी उभी राहिल्यावर ऑइल पंपातून क्रँककेसमध्ये पाझरते, त्यामुळे तिची पातळी इंजिन थोडे चालवून मगच वाचावी. यामाहा आरएक्स १०० किंवा जुनी येझदी यांसारख्या दोन-स्ट्रोक गाडीत क्रँककेस हीच पेट्रोलची वाट असल्याने तिथे पेट्रोल साचणे वेगळे आणि गिअर ऑइलमध्ये पेट्रोल येणे वेगळे. गिअर ऑइलमध्ये आले तर क्रँकचे क्लच बाजूचे ऑइल सील तपासावे लागते.

दुरुस्ती झाल्यावर ऑइल एकदाच बदलून भागत नाही. पेट्रोल जुना चिकटलेला गाळ सोडवते आणि तो जाळीकडे येतो. म्हणून पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचे, जासो एमए (ऑइलमध्ये चालणाऱ्या क्लचसाठीचा जपानी दर्जा) दर्जाचे साधे ऑइल भरून गाडी पंधरा-वीस मिनिटे वेग न वाढवता चालवावी, गरम असतानाच ते काढावे, क्लचकडचे झाकण उघडून ऑइलची जाळी आणि फिरता फिल्टर साफ करावा आणि मग चांगले ऑइल भरावे. दर्जाचा आग्रह अशासाठी की या गाडीचा क्लच त्याच ऑइलमध्ये चालतो. एअर फिल्टरही बदलावा, कारण ओल्या फिल्टरमुळे मिश्रण घट्टच राहते. काढलेले ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नका; त्यात पेट्रोल असल्याने ते झाकण घट्ट लावलेल्या डब्यात वेगळे ठेवून, जळके ऑइल गोळा करून पुनर्प्रक्रियेला देणाऱ्या गॅरेजला द्या.

रिंगांचा निर्णय यानंतर घ्यावा. नव्या ऑइलवर शे-दोनशे किलोमीटर चालल्यावर सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा थर पुन्हा तयार झालेला असतो, आणि तेव्हा गरम इंजिनावर, थ्रॉटल पूर्ण उघडून घेतलेले कॉम्प्रेशनचे माप खरे असते. पेट्रोलने धुतलेल्या सिलिंडरचे माप कोणत्याही इंजिनाला दोषी ठरवेल. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून दुसरे माप घेण्याची पद्धत या गाडीत फारशी उपयोगी नाही, कारण आडव्या सिलिंडरमध्ये ते ऑइल खालच्या बाजूलाच राहते, रिंगेभोवती सारखे पसरत नाही. माप कमी आले, तर हवेचा दाब देऊन कुठून सुटतो ते ऐकावे : डिपस्टिकच्या भोकातून आवाज आला तर रिंगा, सायलेन्सरमधून किंवा कार्बोरेटरमधून आला तर व्हॉल्व्ह. तोवर दर आठवड्याला एकाच जागी, थंड इंजिनावर डिपस्टिक वाचून पातळी वहीत लिहीत जा. पातळी स्थिर राहून धूरही विरळ झाला तर बोअरिंगचे पैसे राखून ठेवा. पातळी स्थिर असूनही धूर कायम राहिला आणि ऑइल कमी होऊ लागले, तर मेकॅनिकचे म्हणणे खरे आहे आणि त्या वेळी इंजिन निःशंकपणे उघडावे. सुरुवातीला मोजलेल्या ऑइलचा आकडा, पारदर्शक पाइपातील पातळी आणि ओव्हरफ्लोच्या पाइपात काय निघाले, एवढे कळवलेत तर पुढचे अधिक नेमके सांगता येईल.